दोर ओढल्याचं पेशीला कसं कळतं?

प्रश्न असा आला आहे: “मॅडम, माझे बाबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने मोठं जाळं ओढायला जातात. सहा महिने त्यांची टाच दुखते आहे. घरात सगळे म्हणतात आराम करा, आणि तुम्ही त्यांना पायरीवर उभं करून, पाठीवर वजन देऊन टाचा वर-खाली करायला लावलंत. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र. आमच्या पुस्तकात पेशीला जे कळतं ते सगळं रसायनांतून कळतं. हार्मोन, एन्झाइम, जनुकं. मग ओढ आणि दाब पेशीला कळतो कसा? की व्यायामाने नुसतं रक्त वाढतं आणि त्यानेच बरं वाटतं?”

मालवणजवळच्या गावातल्या या मुलीला मी उत्तर लिहिते आहे. ते लांबणार आहे, कारण गेली तेवीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून मी जे काम करते, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

आधी रक्ताचं. हालचालीने रक्त वाढतं हे खरं, पण टाचेच्या शिरेला, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या कंडरेला, मुळात रक्तपुरवठा बेताचाच असतो, आणि दुखऱ्या शिरेत तर नव्या रक्तवाहिन्या उगवून बसलेल्या दिसतात. रक्तच हवं असतं तर ती शीर आपोआप बरी व्हायला हवी होती. तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवं.

तुझ्या पुस्तकातली पेशी ओढ सोसत बसलेली आहे. खरी पेशी स्वतः ओढत असते. पावसाळ्यात साकवावरून जाताना आपण पुढच्या फळीवर आधी पाय दाबून बघतो, फळी किती दबते ते आजमावतो आणि मग अंगाचा भार टाकतो. पेशी रात्रंदिवस हेच करते. आपल्या आतल्या तंतूंनी ती भोवतालच्या प्रथिनांच्या जाळीला धरून खेचते, आणि जाळी किती ऐकते, किती अडते, त्यावरून आपण कुठे आहोत आणि काय व्हायचं ते ठरवते. १९८० साली अल्बर्ट हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या अगदी पातळ पडद्यावर पेशी सोडल्या. थोड्या वेळात पडद्याला सुरकुत्या पडल्या, दुधाच्या सायीवर बोट सरकवल्यावर पडतात तशा. पेशी खेचते हे त्या दिवशी डोळ्यांना दिसलं.

हा जोर किती असतो? अडीचशे ग्रॅमचा हापूस तळहातावर ठेव. हातावर साधारण अडीच न्यूटन जोर पडला. त्याचे एक लाख कोटी भाग कर. त्यातले दोन भाग म्हणजे कायनेसिन नावाच्या एका प्रथिनाचा जास्तीत जास्त जोर, पाच-सहा पिकोन्यूटन. हे प्रथिन पेशीतल्या नळ्यांवरून माल वाहतं, दोन पायांनी, एका पावलाला आठ नॅनोमीटर आणि प्रत्येक पावलाला एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्चून. ही पावलं मोजता आली ती लेझरच्या झोतात बारीक कण धरून ठेवणाऱ्या प्रकाशाच्या चिमट्याने. तो चिमटा शोधणारे आर्थर अ‍ॅश्किन यांना २०१८ साली नोबेल मिळालं. पेशीच्या आत सगळं सतत थडथडत असतं. उष्णतेच्या त्या धक्क्यांपेक्षा एटीपीच्या एका रेणूतली ऊर्जा फार तर वीस-पंचवीस पट. वादळात होडी वल्हवावी तसं हे चालणं, तरी पाऊल चुकत नाही. मला अजूनही याचं नवल वाटतं.

स्नायूतलं मायोसिन मात्र वेगळ्या रीतीने ओढतं, आणि ती रीत तू लहानपणापासून किनाऱ्यावर बघितली आहेस. रापणीचा दोर ओढताना माणसं मागे मागे सरकतात. शेवटी पोचलेला दोर सोडतो, चालत पाण्याच्या कडेला येतो आणि पुन्हा धरतो. एकेक माणूस सोडत-धरत असतो, पण दोर सैल पडत नाही, कारण बाकीच्यांचे हात त्याच्यावर असतात. मायोसिनची डोकी नेमकी अशीच अ‍ॅक्टिनचा तंतू पकडतात, काही नॅनोमीटर ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. बाबांच्या पोटरीत अशी अब्जावधी डोकी एका वेळी कामाला असतात.

आता तुझा खरा प्रश्न. ओढीची बातमी होते कशी? एक वाट अशी. पेशी बाहेरच्या जाळीला जिथे धरते तिथे टॅलिन नावाचं लांब प्रथिन असतं, घड्या घालून ठेवलेलं. पाचेक पिकोन्यूटनची ओढ बसली की त्याची एखादी घडी उलगडते. आत लपलेली जागा उघडी पडते, तिथे व्हिनक्युलिन हे दुसरं प्रथिन येऊन चिकटतं आणि पकड पक्की होते. ओढ आहे म्हणून रसायनाला जागा मिळाली. म्हणजे तुझं पुस्तक खोटं नाही. रसायन आहेच, पण त्याचं दार जोराने उघडलं.

दुसरी वाट त्याहून थेट. २०१० साली आर्डेम पातापुतियान यांच्या प्रयोगशाळेत बर्त्रां कोस्त हे पेशींना काचेच्या बारीक नळीने टोचत होते. टोचलं की पेशीत विजेचा किंचित प्रवाह वाहायचा. कोणत्या जनुकामुळे, हे शोधायला त्यांनी ७२ जनुकांची यादी केली आणि एकेक बंद करून बघितलं. अखेर एक बंद केल्यावर पेशीला टोचल्याचं कळेनासं झालं. त्याला पीझो-१ म्हणतात, आणि त्याच्या भावंडाला पीझो-२. पेशीच्या पडद्यात बसलेलं हे तीन पात्यांच्या पंख्यासारखं प्रथिन पडद्याला तिथे खळगा पाडून ठेवतं. पडदा ताणला गेला की पाती सपाट होतात, मधलं भोक उघडतं आणि कॅल्शियम आत येतं. २०२१ च्या नोबेलचा अर्धा वाटा पातापुतियान यांना मिळाला, दुसरा डेव्हिड ज्युलियस यांना. जन्मतःच पीझो-२ काम करत नसलेली माणसं डोळे उघडे ठेवून चालू शकतात, पण डोळ्यांवर पट्टी बांधली की तोल जातो, कारण आपले पाय कुठे आहेत हे पायांकडून कळतच नाही. बाबा काळोखात जाळ्याची गाठ मारतात ना, ती पीझो-२ च्या भरवशावर.

आणि टाच? २०२१ मध्येच झुरिकच्या संशोधकांनी दाखवलं की शिरेतल्या, म्हणजे कंडरेतल्या पेशींमध्ये पीझो-१ आहे. शीर ताणली की तिचे तंतू एकमेकांवरून किंचित घसरतात, आणि ती घसरण पेशींना पीझो-१ मधून कळते. तुझ्या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर हेच.

शिरेची बांधणी बघ. कोलॅजेन हे तिचं मुख्य प्रथिन, आणि त्याचा रेणू तीन लडींचा पीळ आहे. हे १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडलं. परदेशी नावांच्या गर्दीत ही दोन नावं तुझ्या लक्षात राहावीत असं मला फार वाटतं. रेणू तीनशे नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड. असे रेणू जुळून तंतू, तंतूंची जुडी, जुड्यांचा दोर. काथ्याचा सुंभ वळताना बघितला असशील, आधी पेळू, मग लड, मग पीळ. त्या दोरातल्या फटींमध्ये रांगेने बसलेल्या पेशी दोर राखायचं काम करतात.

बाबा पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांची टाच अंगठा आणि तर्जनीत धरून चाचपली. हाडापासून दोन-तीन बोटं वर शीर सुपारीएवढी फुगलेली होती, आणि तिथे दाबताच त्यांनी पाय ओढून घेतला. दुसऱ्या पायाची शीर ताणलेल्या दोरीसारखी टणक, ही बोटाखाली लिबलिबीत. अशा शिरेत तंतूंची ओळ बिघडलेली असते, मधे पाणी साठलेलं असतं, दोर उसवलेला असतो. अशा वेळी नुसता आराम दिला तर दुखणं कमी होतं, कारण ओढच नाही. पण पेशींनाही बातमी जात नाही. दोर आणखी ढिला होतो, आणि माणूस पुन्हा रापणीवर गेला की आठवड्यात परत येतो. मी पायरी दाखवली तेव्हा बाबांनी विचारलं, “मॅडम, दुखता तर मगे वजन कित्याक घेवचा?” त्यांना मी तेव्हा दोन वाक्यांत जे सांगितलं ते तुला सविस्तर सांगते.

टाच खाली सोडण्याचा हा व्यायाम स्वीडनच्या होकान आल्फ्रेडसन यांचा. ते अस्थिरोगतज्ज्ञ होते आणि त्यांची स्वतःचीच टाच दुखत होती. शस्त्रक्रिया नाकारली गेली, तेव्हा शीर तुटली तर करावीच लागेल म्हणून त्यांनी मुद्दाम तिच्यावर जोर दिला, आणि ती बरी झाली. १९९८ साली त्यांनी पंधरा धावपटूंचा अनुभव प्रसिद्ध केला. पंधरा वेळा टाच खाली, अशा तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून आणि तीन गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. सगळे पुन्हा धावू लागले. पुढे असंही दिसलं की जड वजन घेऊन, सावकाश आणि आठवड्यातून तीनदा केलं तरी तितकाच गुण येतो. मी हीच दुसरी रीत वापरते. एक तर दिवसातून दोनदा नव्वद-नव्वद वेळा टाचा उचलायला कष्टकरी माणसाला सवड नसते. दुसरं कारण महत्त्वाचं. जोरदार व्यायामानंतर शिरेत कोलॅजेन मोडतंही आणि तयारही होतं. पहिले चोवीस ते छत्तीस तास मोडणं पुढे असतं, त्यानंतर बांधणी पुढे जाते. रोज इतकं जड वजन टाकलं तर बांधणीला पुरेशी पाळी मिळत नाही. म्हणून बाबांना एक दिवसाआड सांगितलं आहे. आळस म्हणून नव्हे, मधला दिवस हा औषधाचाच भाग आहे, हे घरात सगळ्यांना समजावून सांग.

यावरून आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतर महिना-दीड महिना माझ्या दारात टाचा, खांदे, कंबर धरून माणसं येतात. पावसाळ्यात समुद्र बंद, दोर ओढणं बंद. त्या दोन-अडीच महिन्यांत पेशी त्या बैठ्या दिवसांना साजेसा दोर वळून ठेवतात. समुद्र उघडला की आपण पहिल्याच दिवशी मागच्या मे महिन्यातल्या ताकदीने ओढायला जातो. दोष वयाचा नसतो, वाऱ्याचा किंवा ‘वाता’चाही नसतो. आषाढ-श्रावणात एक दिवसाआड पाच-सात किलोची पिशवी पाठीला लावून पायरीवर टाचा उचलल्या, एखादा दोर माडाला बांधून मागे झुकून ताणला, तरी यातली बरीच दुखणी टळतील. हे मी गेली कित्येक वर्षं सांगते आहे, ऐकणारे अजून थोडे आहेत.

हाडाचं थोडक्यात सांगते. हाड भार पाहून आपली रचना बदलतं, हे युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. पण कोणता भार? १९८४ साली क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅनियन यांनी पक्ष्यांच्या पंखातल्या हाडाला मोजून भार दिला. दिवसाला चार वेळा दिला तर हाड झिजायचं थांबलं. छत्तीस वेळा दिला तर वाढलं. अठराशे वेळा दिला तर छत्तीसपेक्षा जास्त काही झालं नाही. आणि तोच भार न हलवता नुसता ठेवून दिला तर हाडाने त्याची दखलच घेतली नाही. हाडातल्या पेशींभोवती बारीक नाल्या असतात आणि त्यांत पाणी असतं. भार बदलला की पाणी हलतं, आणि पेशी ते हलणं ओळखते. साठीच्या बायकांना मी म्हणूनच सांगते की तासभर एका जागी उभं राहून केलेलं काम हाडांच्या हिशोबात धरू नका. दहा वेळा जिना चढा-उतरा, ते धरलं जाईल.

पण ओढ नेहमी भल्याचीच असते असं समजू नकोस. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, मासे कापताना मधल्या बोटाची शीर तुटली होती. टाके नीट घातले गेले होते, पण बोट हलवायचं कधी आणि कसं हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि भीतीने त्यांनी सात आठवडे पंजा फडक्यात गुंडाळून ठेवला. माझ्याकडे आल्या तेव्हा बोट हुकासारखं वळलेलं होतं. जखम भरताना तिथल्या पेशी स्वतःत स्नायूसारखे तंतू तयार करतात आणि कडा ओढून जवळ आणतात. जखम मिटली की त्यांनी थांबायचं असतं. पण जागा घट्ट झाली तर पेशीला ती घट्ट लागते, घट्ट लागली म्हणून पेशी आणखी ओढते, ओढली म्हणून जागा आणखी घट्ट होते. शीर सभोवतालच्या मांसाला चिकटून बसते. अशा शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांतच, पट्टीच्या आधाराने आणि ठरवून दिलेल्या मापात बोट हलवायला सुरुवात करतात ती यासाठी. त्या बाईंना मूठ यायला पाच महिने लागले, आणि पूर्ण मूठ आलीच नाही. ते बोट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

घट्टपणाचा हा धडा प्रयोगशाळेतही दिसला आहे. २००६ साली अ‍ॅडम एंगलर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी वेगवेगळ्या घट्टपणाच्या जेलवर वाढवल्या. पोषण तेच. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या दिसू लागल्या, स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूसारख्या, त्याहून कडक जेलवर हाडासारख्या. शरीर म्हणजे जेलची बशी नाही, तिथे इतर पन्नास गोष्टी असतात. तरी हा प्रयोग वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

तू प्राणिशास्त्राची आहेस म्हणून दवाखान्याबाहेरचंही सांगते. पुढच्या ओहोटीला खडकावर जा आणि खडकाला चिकटलेला एक शिनाणा, तो दोन शिंपांचा प्राणी, हाताने ओढून बघ. सहज सुटणार नाही. सुटलाच तर त्याच्या तळाशी तपकिरी दोऱ्यांचा झुबका दिसेल. प्रत्येक दोरा खडकाच्या बाजूला ताठ आणि प्राण्याच्या बाजूला लवचिक असतो, त्यामुळे लाटेचा हिसका एका ठिकाणी न बसता दोराभर वाटला जातो. दोऱ्याच्या टोकाला चकतीसारखा डिंक असतो. त्यातल्या प्रथिनांत डोपा नावाचा घटक भरपूर असतो, आणि तो ओल्या दगडालाही चिकटतो, जिथे आपले बाजारातले गोंद हात टेकतात. आणि त्या दोऱ्यांतही कोलॅजेन आहे, तुझ्या बाबांच्या टाचेतल्या प्रथिनाचाच गोतावळा.

घरामागच्या माडाकडेही बघ. आंब्याचा बुंधा दर वर्षी जाड होतो, माडाला आणि पोफळीला ती सोय नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनकडच्या वाड्या आडव्या झालेल्या मी पाहिल्या, पण तिथेच ताठ उभे राहिलेले जुने माडही पाहिले. माडाचा बुंधा जाड होत नाही, पण तळाजवळच्या, सालीकडच्या पेशी वर्षानुवर्षं आपल्या भिंती जाड आणि कठीण करत राहतात. उंची वाढते तसा खालचा भार वाढतो, आणि नेमका तिथला लाकूडपणा वाढतो. कोवळ्या रोपांचंही तसंच. वाऱ्याने हलणारं रोप बुटकं आणि दणकट होतं, काठीला करकचून बांधलेलं उंच आणि लुकडं. झाडांच्या या गुणाला मार्क जाफे यांनी १९७३ साली शास्त्रीय नाव दिलं. बागायतदार त्याआधीपासून रोप सैल बांधत आले आहेत.

पुढे याच विषयात शिकायचं असेल तर भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नकोस. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत आणि आयआयटीत मोटर प्रथिनांवर, म्हणजे कायनेसिनसारख्या चालणाऱ्या प्रथिनांवर, काम झालेलं आहे, बंगळुरूला एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आहे. प्राणिशास्त्रातून गेलेली मुलं तिथे पोचतात.

आता बाबांचं. दहाच्या मापात तीन-चारपर्यंत दुखलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ जागी आलं पाहिजे. नाही आलं तर वजन कमी करा, बंद करू नका. खाली जाताना तीन आकडे, वर येताना तीन आकडे मोजायचे, झटका नाही. ओढताना टाचेत ‘फट्’ असा आवाज झाला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. लघवीच्या किंवा पोटाच्या त्रासासाठी कुणी सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी गोळी दिली, तर टाचेचं दुखणं त्यांना आधी सांगा. त्या जातीच्या औषधांनी शीर तुटण्याचा धोका वाढतो.

आणि एक काम तुझ्याकडे. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं टाकताना बाबांची टाच किती आखडलेली असते आणि ती किती मिनिटांत सुटते, ते रोज वहीत लिही. त्याच ओळीत आदल्या दिवशी वजन किती घेतलं आणि रापणीवर गेले होते का, तेही. तीन आठवड्यांची पानं भरली की वही घेऊन दोघंही या. पुढचं वजन त्या पानांवरून ठरवू.